शनिवारचं लोखंड

छपरीला आग लागली ती शेजारच्या तणसाच्या ढिगामुळे. उन्हाळ्याचा वारा होता, ठिणगी कुठून आली ते कोणालाच कळलं नाही. आम्ही घागरी घेऊन धावलो, पण तोवर यांची हत्यारांची पेटी आत जळत होती. सकाळी राखेतून एकेक हत्यार उचललं. दांडे गेले होते, रंध्यांचे लाकडी ठोकळे गेले होते, पण लोखंड जागच्या जागी होतं. मी मारोतीला हात जोडले. म्हटलं, लाकडाचं काय, आपण सुताराच्याच घरी आहोत, दांडे पुन्हा बसतील.

हे राखेशी बसले. एक पटाशी घेतली आणि तिच्यावर कानस फिरवून पाहिली. चांगल्या पोलादावर कानस घसरते. ही घुसली, बाभळीच्या सालीत घुसावी तशी. यांनी पटाशी राखेतच ठेवली आणि हात धुतले.

"पानी उतरलं," म्हणाले.

लोहार पोलाद तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा त्याला कडकपणा येतो, धार टिकते. आगीने ते दिलेलं पाणी उतरतं. मग हत्यार दिसायला हत्यार, पण लाकडाला लावलं की धार दुमडते. कुडव्याच्या रामलाल लोहाराने पुन्हा पाणी द्यायची खटपट केली. वाकस, लाकूड तासायचं हत्यार, जाड होता, तो धारेवर परत आला. पटाश्या वाकल्या. रंध्याचं पातं तर पाण्यात घालताच मधून तडकलं, आणि यांच्याकडे न बघता रामलाल भात्याकडे बघत राहिला.

तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती. नवं विलायती पोलाद गोंदियाच्या दुकानात दिसेनासं झालं होतं. जे दिसत होतं ते चुलीचा चिमटा करायच्या लायकीचं, असं हे म्हणायचे. म्हणून आम्ही जुनी हत्यारं धुंडाळू लागलो.

आम्ही म्हणते, कारण मी सोबत जायचे. यांच्या डोळ्याला हवी ती वस्तू तेवढी दिसते. ढिगाखाली काय दडलंय ते बघायला माझा डोळा बरा. गोंदियाच्या गुजरीत, रेल्वे लाइनच्या पलीकडे, भंगारवाले पोती अंथरून बसत. बिनकिल्लीची कुलपं, कंदिलाचे पिंजरे, घोड्याची नाल, तुटक्या सायकलीची साखळी. त्यात हात घालून मी काहीतरी बाहेर काढायची, हे नखाने टिचकी मारून कानाशी धरायचे, आणि बहुतेक वेळा मान हलवून परत ठेवायचे.

चांगली वस्तू भंगारात सापडतच नाही, हे आम्हाला हळूहळू कळलं. ती कोणाच्या तरी घरात भलत्याच कामाला लागलेली असते. आमगावच्या बाजारात गूळ विकणारा एक जण ढेप फोडत होता, ती विलायती पटाशीने. यांनी नको असलेला गूळ घेतला, त्याच्या बैलाची चौकशी केली, पावसाची केली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं. बोदलकसाच्या तलावाजवळ एक बाई मासोळीचे खवले काढत होती. हातात अर्धगोल कानस, दात अजून जिवंत असलेली. ती म्हणाली, "देऊन टाकीन, मंग मासोडी कायनं घासू? तुमच्या मिशीनं?" पुढच्या बाजाराला यांनी डब्याच्या पत्र्याला दात पाडून, लाकडी मूठ बसवून एक घासणी करून नेली. बाईला ती कानसेपेक्षा आवडली. सगळ्या कोळणींनी मग यांच्याकडे घासण्या मागितल्या, आणि यांना ते काम मनातून आवडत नसूनही हे करत राहिले.

घरात त्या वर्षी फारसं काही नव्हतं. पण यांचा स्वभाव मुळात अबोल, आणि बाजाराच्या वाटेवर हे बोलू लागले होते. कोणतं पोलाद कसं वाजतं, यांच्या वडिलांनी पहिल्यांदा करवत हातात कशी दिली, सगळं मला त्याच वाटांवर कळलं. मी चालता चालता जप करायची. हे बोलायला लागले की माळ कनवटीला लावून ऐकायची. मारोतीराया समजून घेत असेल.

होळीपर्यंत पेटी बरीच भरली. करवत आली, गुण्या आला, पटाश्या आल्या, गिरमिट आलं. आला नाही तो लांब रंधा, आणि दाराच्या चौकटीला नक्षीची कड काढायचे लहान रंधे. त्यांच्याशिवाय नांगर होतो, वखर होतो, खाटेचे पाय होतात. दार होत नाही. फळ्यांच्या कडा लांब रंध्याने सरळ केल्या नाहीत तर दोन फळ्यांमधून बोट जातं.

आणि काम दाराचंच होतं. केशोरावांनी, गावातल्या मोठ्या बांध्या, धानाची शेतं, त्यांचीच, मारोतीचं नवं देऊळ विटांत बांधलं होतं. देऊळ झालं, दार नव्हतं. मी शनिवारी रुईच्या पानांची माळ घालून वळते न वळते तोच बकऱ्या आत शिरून माळ खात. केशोरावांचं म्हणणं, हनुमान जयंतीला दार लागलं पाहिजे. यांना म्हणाले, "उदाराम, काम तुलेच देईन. पन पाडव्यापर्यंत हत्यारं दाखव. नाई तं मी रायपूरचा मिस्त्री बोलावतो, मंग माह्यावर रुसू नोको." बोलणं रोखठोक होतं, पण त्यांचंही खोटं नव्हतं. गावात नवं देऊळ आणि दाराला बाहेरचा सुतार, म्हणजे यापुढे यांच्याकडे नांगरच येणार, हे यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पाडवा जवळ आला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी मंगरू आला. हा रेल्वेच्या गँगमध्ये, दरेकसाकडे रूळ ठोकायला असतो, यांचा लहानपणचा सोबती. ओसरीवर बसायच्या आधीच बोलला.

"उदारामभाऊ, दरेकसाचा सुकराम सुतार मेला ना मागल्या साली? त्याची बायको देवकाबाई उद्या संध्याकाळच्या गाडीनं डोंगरगडले चालली, लेकीकडे. कायमची. सारं सामान इकून राहिली. हत्यारं बी."

"रंधे?" यांनी एवढंच विचारलं.

"हातभर लांब एक म्या डोयानं पायला. आन लहाने किती तरी."

यांच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला. मग हे माझ्याकडे वळले, आणि माझ्या लक्षात आलं की उद्या शनिवार आहे.

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही आणि घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. माझ्या आईने पाळला, सासूने पाळला. लोखंडावर ज्यांचं पोट चालतं त्यांनी तर शनिमहाराजांच्या वारी त्यांची वस्तू विकत घेऊन घरी आणूच नये. हे मला कधी नेमावरून बोललेले नाहीत. सोमवार, शनिवार, एकादशी, माझे उपास मोजत बसले असते तर यांनाही जेवण मिळालं नसतं.

मंगरू गेल्यावर हे म्हणाले, "मी एकटाच जातो. तू घरी राह्य. तुह्या नेमाले बोट नाई लागत."

"लोखंड कोनाच्याही हातानं आलं तरी घर तं एकच आहे ना?"

"मंग?"

"जाऊन तं पाहू," मी म्हटलं. "पाहायले कायचा दोष?"

सकाळी मारोतीला तेल घातलं, यांच्यासाठी तांदळाची भाकर आणि चटणी बांधली, आणि गोंदियाहून गाडी धरली. सालेकसा सोडलं की डोंगर जवळ येतात. पळस फुलला होता. मोहाखाली बायका-पोरी टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. हे खिशातली कानस काढून बोटांत फिरवत होते. मी जप करत होते, पण त्यात मन नव्हतं. मारोतीच्या दारासाठी रंधा हवा, रंध्यासाठी आजच घ्यायला हवा, आणि आजचा वार त्याचा. मी त्यालाच विचारत होते की आता तूच सांग.

देवकाबाईचं घर स्टेशनापासून जवळच, मातीचं, कवेलूंनी शाकारलेलं. मागच्या अंगणात बाजेवर सगळं मांडलेलं. आणि बाजेच्या उशाशी तराजू घेऊन बसलेला छोटेलाल. गोंदियाच्या गुजरीतला भंगारवाला, आमची वर्षभराची ओळख.

"आओ उदाराम मिस्त्री," तो हसला. "मी समजलो होतो की तुम्ही येणार. पण देर कर दी. तौल सुरू झाली."

"आज शनवार आहे, छोटेलालभाऊ," मी म्हटलं. "तुम्हाले चालते?"

"भाभी, मेरा तो धंधाच लोखंडाचा. शनिमहाराज माझे भागीदार आहेत. ते दुकानात बसतात, मी फिरतो."

देवकाबाई मागच्या दारातून बाहेर आली. वाळलेली, उंच, कपाळ मोकळं, आवाज मात्र सगळ्या अंगणाला पुरेल असा. "कोन गा तुमी? घेनार असान तं पाहा. पाहून नुसते जानारे सकाळपासून गंज लोक येऊन गेले."

हे बाजेपाशी गेले. कुदळी, पहारी, कुऱ्हाडीची पाती एका बाजूला, ती तोलून झाली होती. दुसऱ्या बाजूला फडक्यावर रंधे. लांब रंधा बिजाच्या लाकडाचा, तेल पिऊन काळा झालेला, पात्यावर पुसट विलायती अक्षरं. त्याच्याजवळ लहान रंधे, प्रत्येकाचं तोंड वेगळं, कोणी गोल कड काढणारा, कोणी खाच. यांनी लांब रंधा उचलला, उलटा करून एक डोळा मिटून त्याचा तळ पाहिला. मग पात्यावर खिशातली कानस टेकवली. कानस घसरली.

मी यांच्याबरोबर वर्षभर बाजार फिरले होते. चांगली वस्तू हाताला लागली की हे चेहऱ्यावर काही येऊ देत नसत, भाव वाढेल म्हणून. त्या दिवशी यांना ते जमलं नाही.

"ठेवा, ठेवा," छोटेलाल म्हणाला, "त्याची पाती काढायची आहेत. मी लोखंड घेतो. लाकूड माईच्या चुलीला." आणि त्याने एक लहान रंधा उचलून दगडावर आपटायला हात वर केला.

"हात नोको लावू त्याले!" यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. छोटेलालचा हात वरच राहिला. हेही मग ओशाळले. हळू आवाजात देवकाबाईला म्हणाले, "माय, उद्या घेतलं तं चालन का? उद्या सकाळीच येतो."

"उद्या मी डोंगरगडात राहीन. सारं आजच संपवीन. दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवू, आन मंग कोनाच्या घरी गेलं ते इचारत बसू?"

"मग माझ्याकडून घ्या उद्या, गुजरीत," छोटेलाल म्हणाला. "पाती तर पातीच राहतात."

"नक्षीच्या पात्याचा आकार त्याच्याच ठोकळ्यात बसते," हे म्हणाले. "ठोकळा जळाला का पातं वाया. माह्या घरी अशीच वाया गेली."

एवढं बोलून यांनी रंधा फडक्यावर परत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली असती तर यांनी तिथल्या तिथे घेतला असता. नसती हलवली, तर जन्मभर त्यावर एक शब्द काढला नसता. हेच मला जड झालं. हे भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूने कुऱ्हाडीचा आवाज आला.

"अरे कवडू, थांब!" देवकाबाई धावली. "म्या सांगतल्याबगर हात लावू नोको म्हनलं ना?"

आम्हीही तिच्या मागोमाग गेलो. कवडू तिचा शेजारी, खांद्याएवढी कुऱ्हाड घेऊन दाराच्या चौकटीपाशी भिंत फोडायला उभा. आणि ते दार मी तेव्हा नीट बघितलं. मातीच्या घराला असलं दार! सागाची दोन पाखं, चौकटीला वेलीची कड, वरच्या पट्टीवर ओळीने कमळं. दार म्हणजे सुकरामबाबाच्या हातचं, हे कोणी सांगायला नको होतं.

"हे दार मी घेऊन चालली," देवकाबाई आम्हाला म्हणाली. "लेकीच्या घराले तट्टी आहे, बांबूची. कुत्रं ढकलून आत येते. माह्या माणसानं मले या गावात आनलं तवा घर नव्हतं, आधी दार केलं. म्हने घर मागून बांधू. आता घर राहू दे इथंच."

छोटेलाल पोटभर हसला. "माई, लोग घर बेचून दार सोडून जातात. तुम्ही दार नेता, तर त्याला कुलूप लावून नेणार की उघडं?"

"तुह्या तोंडाले लावीन कुलूप," ती म्हणाली. "कवडू, तू तोड. पन पाखं फुटू देऊ नोको."

"मावशी, चौकटीवर कुऱ्हाड मारली का ते फुटनच," कवडू म्हणाला. "म्या लाकडं तोडतो, दारं नाई."

हे पुढे झाले. चौकटीवरून हात फिरवला, कोपऱ्यात वाकून पाहिलं. "यात एक बी खिळा नाई. सारं कुसवात, लाकडात लाकूड अडकवून, आन पाचरीवर आहे. एकेक तुकडा सुटन, तसाच जुळन बी. फक्त फोडू नका."

तेव्हा मला सुचलं. मी बोलले नसते तर हे काम फुकटच करून देणार होते, यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी देवकाबाईच्या जवळ गेले. माझा आवाज मुळात लहान, तिने कान पुढे केला.

"माय, हे दार सोडवून देतील, गाडीच्या आधी. एक बी तुकडा न फुटता. यायले मजुरी द्याल?"

"देईन ना वो. काय घेईल?"

"पैसा नोको. रंधे द्या."

छोटेलालने तराजू खाली ठेवला. "हे काय, भाभी? शनिवारी विकत घ्यायचं नाही म्हणून असं?"

त्याचं बोलणं मला लागलं, कारण तेच मी मनात मला विचारत होते. नेम पाळायचा आणि त्यातून फटही काढायची, हे मला शोभलं नसतं. मी त्याला म्हटलं, "मजुरी म्हनजे घाम. यायनं दार फोडलं तं रंधे तुमचे, मी एक शब्द बोलणार नाही. आन मिळाले तरी उद्याच्या सूर्यापर्यंत माह्या उंबऱ्याच्या आत येनार नाहीत."

देवकाबाई माझ्याकडे वळली. "माह्या माणसानं बी शनवारी काम केलं, आन शनवारी मजुरी घेतली. मजुरीले कायचा वार?" मग यांना म्हणाली, "फुटलं तं काही नाई भेटनार. कबूल?"

"कबूल."

काम दुपारी सुरू झालं. पाखं निघाली, ती वरच्या-खालच्या लाकडी खुंटांवर फिरत होती. कवडूने चौकटीभोवतीची माती उकरली. मग खरी चौकट. दार जुळवताना सुतार शेवटची पाचर ठोकतो, ती आधी काढली की बाकीचं सैल होतं. ती उजव्या अंगाला असते. यांनी उजवा वरचा कोपरा धरला. लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू मारू लागले. पाचर हलेना. थोडं जोराने मारलं. हलेना. मग अजून एकदा मारलं, आणि लाकडातून बारीक कुरकुर आली.

हे थांबले. कमळाच्या पट्टीवर केसाएवढी चीर आली होती.

  देवकाबाईचा पदर तिच्या मुठीत होता. हे कपाळ पुसत चौकटीकडे बघत होते. मी यांना ओळखते. अजून एक घाव घालायची हिंमत यांच्यात उरली नव्हती. आणि सूर्य डोंगराकडे झुकत होता, डोंगरगडची गाडी यायची होती.

मी अंगणात गेले, उगाच, पाणी आणायला म्हणून. फडक्यावर रंधे पडले होते. लांब रंधा मी सहज हातात घेतला. त्याच्या कडेला वर्षानुवर्षं अंगठा घासून खोलगा पडला होता, मी माझा अंगठा त्यात ठेवू लागले तर बसेना. हात बदलला. बसला.

मी परत दारापाशी गेले. "माय, बाबा डाव्या हातानं काम करत होते का?"

देवकाबाई म्हणाली, "जेवन सोडून सारं डाव्यानं. काऊन?"

"मंग सांगतलं काऊन नाई?" हे ओरडले.

"कोनी इचारलं तं सांगन ना!"

हे डाव्या कोपऱ्याकडे धावले. हातोडी डाव्या हातात, म्हणजे शेवटची पाचर डाव्या अंगाला. तिथे मातीचा पोचारा जाड बसला होता. नखाने खरवडला तर खाली पाचरीचं निमुळतं टोक, सुपारीएवढं. यांनी ठोकळा ठेवला, डोळे मिटले आणि एक घाव घातला. पाचर पलीकडून बाहेर आली, अलगद.

"निकल गई! निकल गई!" सगळ्यात मोठ्याने छोटेलाल ओरडला. आणि मग तोच पुढे होऊन चौकटीची वरची पट्टी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, अंगावर मातीचा पाऊस पडत असताना. "जल्दी करो मिस्त्री, मेरे भागीदार देख रहे हैं."

एकेक तुकडा सुटत गेला. यांनी कोळशाने प्रत्येकावर खूण केली, कोणाच्या शेजारी कोण, म्हणजे डोंगरगडचा कोणताही सुतार जुळवू शकेल. चीर आलेल्या पट्टीपाशी हे थांबले. देवकाबाईला दाखवली. लपवली नाही.

"फुटली," हे म्हणाले. "बोली फुटू न देन्याची होती."

 देवकाबाईने पट्टी हातात घेतली, प्रकाशाकडे धरली, बोटाने चिरेवरून एकदा गेली.

"ही?" ती म्हणाली. "ही तं पाटल्या घातलेला हात लागून आली असती. माहा माणूस असता तं म्हनला असता, तेलाचा हात फिरव, बसून जाईन." मग छोटेलालकडे वळली. "काय गा, तू काय म्हनतो? फुटली का?"

सगळे छोटेलालकडे बघू लागले. रंधे त्याच्याकडे जाणार होते, फुटली म्हटलं असतं तर. त्याने अंगावरची माती झटकली, टोपी झटकली, नाक झटकलं.

"मला तर काही दिसत नाही," तो म्हणाला. "चश्मा गोंदियालाच राहिला." त्याने आयुष्यात चष्मा लावला नव्हता.

दाराची मोळी बांधून कवडूने आणि यांनी स्टेशनावर नेली. तिथे भेटलेल्या मंगरूने गार्डला काय सांगितलं कोण जाणे, मालडब्यात जागा झाली. गाडी सुटताना देवकाबाई खिडकीतून म्हणाली, "ते डाव्याचे रंधे आहेत गा. तुह्या हाताले जड जातील."

"हात शिकन," हे म्हणाले.

आमची गाडी उलटी, गोंदियाकडे. रंधे यांच्या मांडीवर फडक्यात होते. छोटेलाल समोरच्या बाकावर पहारी आणि कुदळी पायाशी घेऊन डुलक्या घेत होता. मी दिवसभर उपाशी होते आणि भूक लागली आहे हे मला सालेकसा मागे पडल्यावर कळलं. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. फडकं मी अंगणात बैलगाडीच्या साटीवर ठेवायला लावलं. यांनी कुरकुर केली नाही, स्वतःची खाट तिथे आणून टाकली.

रविवारी सूर्य कौलांवर आला तेव्हा मी अंघोळ करून रंधे आत घेतले. हळदकुंकू लावलं. हे तोवर दगडावर पाणी शिंपडून पातं घासायला बसले होते. मी तुळशीला पाणी घालत होते आणि दगडावरचा तो आवाज ऐकत होते. नेम झाला, मन स्वच्छ होतं. रात्री झोप चांगली लागली होती.

केशोरावांना गावाने आमच्या आधी सांगितलं होतं. ते हातात काठी घेऊन आले, ओसरीवर उभे राहिले, पेटीत डोकावले. लांब रंधा उचलून पाहिला, काही कळलं नाही तरी दोनदा हुं केलं.

"डावखुऱ्याचा आहे म्हनते तुही बायको," म्हणाले. "दार वाकडं तं नाई लागन?"

"देवाले पाहून करीन, मालक."

"कर मंग. लाकूड बाहेर आहे."

बाहेर खरंच गाडी उभी होती, सागाच्या फळ्यांनी भरलेली. रायपूरच्या मिस्त्रीसाठी त्यांनी आधीच कापून ठेवल्या होत्या की यांच्यासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही. गाडीवान झोपला होता, त्याला हलवावं लागलं. फळ्या लांब होत्या आणि जड, वासाने सगळं अंगण भरून गेलं. यांनी एक टोक खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"धर वो जरा तिकडून."

माझ्या हाताला तुळशीची माती होती. ती पदराला पुसली, पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.